दातांचे इम्प्लांट आणि रोजच्या गोळ्या: जबड्याचे हाड भरण्यापूर्वी काय तपासावे, काय बदलावे, कशाला हात लावू नये

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर या पट्ट्यातील साठीच्या रुग्णाचे हृदयाचे कागद मिरजेत असतात, मधुमेहाचे बेळगावात, गुडघ्याचे कोल्हापुरात, आणि पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचे ठरते ते तालुक्याच्या दंतवैद्याकडे. चार चिठ्ठ्यांवरची औषधे एकाच पोटात जातात आणि एकाच रक्तातून जबड्यापर्यंत पोहोचतात. पण ती सगळी एका कागदावर कोणीच लिहिलेली नसतात. इम्प्लांटचा स्क्रू कितीही चांगल्या कंपनीचा असला, तरी त्याला धरून ठेवणारे हाड रुग्णाचे स्वतःचे असते आणि रोजच्या गोळ्यांपैकी काही गोळ्या त्या हाडाच्या भरण्यात ढवळाढवळ करतात.

या भागात रुग्ण तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या औषधांची रुग्णाला धास्ती असते, म्हणजे बीपीची आणि रक्त पातळ करण्याची, ती हाडाच्या भरण्याला सहसा त्रास देत नाहीत. पित्ताची गोळी, दुखण्याची गोळी आणि वर्षातून एकदा घेतलेले हाडाचे इंजेक्शन यांना मात्र तो औषधांत धरतच नाही, आणि दंतवैद्याला सर्वांत आधी माहिती हवी असते ती नेमकी यांचीच. पुढील मांडणी त्याच दृष्टीने केली आहे. यातले काहीही वाचून स्वतःहून एखादी गोळी बंद किंवा सुरू करू नये. ज्या डॉक्टरांनी ती दिली, त्यांच्याशी बोलण्याची तयारी म्हणून हा लेख वाचावा.

हाड स्क्रूला कसे धरते

स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे छोटे उपकरण बसवून रक्तप्रवाह पाहण्याचे प्रयोग केले. प्रयोग संपल्यावर ते उपकरण सुटेना, कारण हाड त्याच्याशी एकजीव झाले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, आणि आजचे इम्प्लांट त्याच तत्त्वावर उभे आहे.

पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट लागतो तो केवळ आट्यांच्या पकडीमुळे. त्यानंतर जखमेत रक्ताची गुठळी धरते, थोडा दाह होतो, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि मग दोन प्रकारच्या पेशी कामाला लागतात. ड्रिलने दुखावलेले हाड ऑस्टिओक्लास्ट पेशी काढून टाकतात आणि त्या जागी ऑस्टिओब्लास्ट पेशी नवे हाड घालतात. जुना पोपडा खरवडल्याशिवाय गवंडी नवा गिलावा मारत नाही, तसेच हे आहे. खरवडणारा थांबला तरी काम अडते आणि लिंपणारा थांबला तरी अडते. औषधांचा परिणाम समजण्यासाठी एवढे लक्षात ठेवले तरी पुरते, कारण पुढे येणाऱ्यांपैकी हाडाला बाधणारे प्रत्येक औषध या दोघांपैकी एकाला, दाहाच्या सुरुवातीच्या टप्प्याला किंवा हाडाच्या कच्च्या मालाला, म्हणजे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाला, धक्का लावते.

सुमारे दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जुनी पकड सैल झालेली असते आणि नवे हाड अजून पुरते तयार झालेले नसते. इम्प्लांट सर्वांत नाजूक असते ते या काळात, आणि नेमके तेव्हाच दुखणे थांबल्यामुळे रुग्ण निर्धास्त झालेला असतो. खालच्या जबड्यात साधारण ३ महिने आणि वरच्या जबड्यात, तिथले हाड मऊ असल्यामुळे, ४ ते ६ महिने थांबून मग वर कॅप बसवतात. गणपतीला पुण्या-मुंबईहून आलेल्या मुलाच्या सुट्टीत सगळे उरकून घ्यावे असा आग्रह घरोघरी होतो. त्या सुट्टीत स्क्रू बसू शकतो, हाड भरणे मात्र तिच्या हिशेबाने चालत नाही.

पहिली पायरी: पिशवी टेबलावर रिकामी करणे

यादी तोंडी सांगू नये. घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमे, पंप, इंजेक्शनच्या नोंदी आणि जुने कागद एका पिशवीत भरून न्यावेत. असे केले की काय दिसते ते सांगतो. सुनेने पिशवी उलटी केली की टेबलावर चांदीच्या पत्र्याचे अर्धे-पाव तुकडे पडतात. मेडिकलवाल्याने पाच-पाच गोळ्या कात्रीने कापून दिलेल्या असतात आणि औषधाचे नाव व मुदतीची तारीख दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर गेलेली असते. एका तुकड्यावर नावाची शेवटची अक्षरे तेवढी उरलेली असतात. सासूबाईंना विचारावे, "आणि कुठली गोळी घेता?" तर उत्तर येते, "ती पित्ताची एक घेतो की सकाळी, पण ते काय औषध म्हणायचं काय?" ती गोळी त्या किती वर्षे घेत आहेत हे विचारल्यावर सून आणि सासू एकमेकींकडे पाहतात.

म्हणून इम्प्लांटचा विचार सुरू झाल्यापासून औषधे पूर्ण पट्टीनेच घ्यावीत, किंवा निदान नाव असलेला तुकडा मागून घ्यावा. यादीत व्यापारी नावाऐवजी मूळ औषधाचे नाव लिहावे. हे या भागात फार महत्त्वाचे आहे, कारण तीच गोळी कोल्हापुरात एका नावाने, बेळगावात दुसऱ्या नावाने आणि जनऔषधी केंद्रात फक्त मूळ नावाने मिळते, आणि एकच औषध दोन नावांनी दुप्पट चालू असल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. नावापुढे मात्रा, दिवसातून किती वेळा, कोणत्या साली सुरू केले, आणि कोणत्या गावच्या डॉक्टरांनी दिले ते लिहावे. यादी कोणत्याही लिपीत लिहा, पण औषधाचे नाव पट्टीवर जसे छापले आहे तसे उतरवा. कारण मराठी बोलणाऱ्या रुग्णाची यादी कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांनाही वाचता आली पाहिजे.

यादी झाली असे वाटल्यावर आणखी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. गेल्या पाच-सात वर्षांत हाडे ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी, सहामाही इंजेक्शन किंवा वर्षाचे सलाईन घेतले का? कर्करोगासाठी कधी उपचार झाले का, आणि जबड्याच्या भागाला किरणे दिली होती का? दमा, त्वचारोग किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड चालू आहे किंवा होते का? आणि आठवडी बाजारातून, जत्रेतून किंवा कोणाच्या ओळखीने आणलेली, नाव नसलेली पुडी किंवा गोळी सांधेदुखीवर घेतली जाते का? शेवटच्या प्रश्नाला लाजून "नाही" म्हणणारे पुष्कळ आहेत.

हाडाच्या ठिसूळपणावरची औषधे

सर्वांत काळजीपूर्वक पाहावे ते या गटाकडे. अलेंड्रोनेट आणि रिसेड्रोनेट या बहुधा आठवड्याच्या गोळ्या, इबँड्रोनेट ही महिन्याची गोळी, आणि झोलेड्रोनिक आम्ल हे ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम सलाईनमधून दिले जाणारे औषध. या सर्वांना मिळून बिस्फॉस्फोनेट म्हणतात. ही औषधे ऑस्टिओक्लास्टला, म्हणजे खरवडणाऱ्या पेशीला, रोखतात. मांडीच्या आणि मणक्याच्या हाडासाठी ते उपकारक असते, पण जबड्यात, जिथे तोंडातल्या जंतूंचा सतत संपर्क असतो आणि हाडाची उलाढाल जलद चालते, तिथे जखम भरण्यास आवश्यक असलेली साफसफाईच थांबते. औषधामुळे होणाऱ्या जबड्याच्या हाडाच्या मृतावस्थेकडे वैद्यकीय जगाचे लक्ष २००३ पासून वेधले गेले. हिरडीतून उघडे पडलेले हाड ८ आठवड्यांहून अधिक काळ तसेच राहिले, रुग्णाने अशी औषधे घेतलेली असली आणि जबड्याला किरणोपचार झालेले नसले, तर हे निदान करतात.

इथे घाबरणे आणि दुर्लक्ष करणे दोन्ही चूक. ठिसूळपणासाठी गोळी घेणाऱ्यांत हा धोका फार कमी, हजारात एकाहूनही कमी, असा आहे, आणि अशा अनेक रुग्णांत इम्प्लांट यशस्वी होतात. कर्करोग हाडात पसरल्यामुळे झोलेड्रोनिक आम्ल दर तीन-चार आठवड्यांनी ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि अशा रुग्णाने इम्प्लांट न करता कवळी किंवा ब्रिजचा मार्ग धरावा, हे मत आज सर्वत्र मान्य आहे. या दोन टोकांच्या मध्ये, गोळी चार वर्षांहून अधिक चालू असणे, सोबत स्टेरॉइड असणे, मधुमेह आटोक्यात नसणे आणि तंबाखू यांपैकी जितक्या गोष्टी जुळतील तितकी सावधगिरी वाढवावी.

शस्त्रक्रियेआधी दोन महिने गोळी थांबवावी असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. आता त्यावर तज्ज्ञांचे एकमत राहिलेले नाही. अलेंड्रोनेट हाडात दहा वर्षांहून अधिक काळ साठून राहते, त्यामुळे दोन महिन्यांच्या सुट्टीने हाडातला साठा फारसा हलत नाही. थांबवायची की नाही हा निर्णय हाडांचे डॉक्टर आणि दंतवैद्य यांनी मिळून घ्यावा. रक्तातील सीटीएक्स (हाडाची झीज किती वेगाने होते हे दाखवणारी) तपासणीवरून धोका ठरवता येतो असेही काही ठिकाणी सांगतात. माझ्या मते त्या आकड्यावर भिस्त ठेवून "आता बिनधास्त" म्हणणे योग्य नाही.

डेनोसुमॅब हे वेगळे औषध आहे आणि त्याच्याशी वेगळ्या रीतीने वागावे लागते. ठिसूळपणासाठी ते ६० मिलिग्रॅम, दर ६ महिन्यांनी त्वचेखाली देतात. ते हाडात साठत नाही, त्यामुळे मात्रा लांबली की हाडाची झीज उसळी मारून सुरू होते आणि मणक्याची हाडे पिचू शकतात. म्हणून इम्प्लांटसाठी डेनोसुमॅब "बंद" करायचे नसते, दोन मात्रांच्या मधला काळ निवडायचा असतो: शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ३ ते ४ महिन्यांनी शस्त्रक्रिया करावी आणि पुढचे इंजेक्शन ६ ते ८ आठवड्यांनी, हिरडी भरली आहे हे पाहून घ्यावे. इंजेक्शन कोल्हापुरात आणि इम्प्लांट चिकोडीत असेल, तर तारखांची जुळवाजुळव रुग्णाच्या घरच्यांनाच करावी लागते. शेवटच्या इंजेक्शनची तारीख यादीत ठळक लिहावी.

स्टेरॉइड आणि नाव नसलेल्या पुड्या

प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास ऑस्टिओब्लास्टची संख्या आणि काम दोन्ही घटतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, साखर वाढते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. तीन महिन्यांहून अधिक काळ चालू असलेली मात्रा, विशेषतः रोज ७.५ मिलिग्रॅम किंवा अधिक, इम्प्लांटच्या नियोजनात गंभीरपणे धरावी. उलट शस्त्रक्रियेच्या दिवशी सूज कमी करण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोनच्या एक-दोन मात्रांनी हाडाचे नुकसान होते असे मानण्याचे कारण नाही. दम्याच्या पंपातले स्टेरॉइडही हाडापर्यंत फार थोडे पोहोचते; पंप घेतल्यावर चूळ भरली म्हणजे तोंडात बुरशीही सहसा धरत नाही.

चालू स्टेरॉइड एकदम थांबवणे जीवघेणे ठरू शकते, कारण बाहेरून मिळत असल्यामुळे शरीराने स्वतःचे बनवणे कमी केलेले असते. शस्त्रक्रियेच्या सकाळी नेहमीची मात्रा घ्यावी आणि जादा मात्रा लागेल का ते ज्यांनी औषध दिले त्यांना विचारावे.

नाव नसलेल्या पुड्यांबाबत एवढेच सांगतो की वर्षानुवर्षांचे गुडघे दोन दिवसांत मोकळे होत असतील, भूक वाढली असेल, चेहरा गोल झाला असेल आणि कातडीवर लहानशा धक्क्याने काळेनिळे डाग पडत असतील, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याचा संशय धरावा. अशी पुडीही परस्पर बंद करू नये. ती घेऊन फिजिशियनकडे जावे आणि हळूहळू उतरवावी.

पित्ताची गोळी

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्या जठरातील आम्ल बंद करतात. चिठ्ठी एका महिन्याची असते आणि गोळी आठ वर्षे चालते, हे चित्र बेळगावपासून बिदरपर्यंत सारखेच आहे. आम्ल कमी झाल्यावर कॅल्शियम, विशेषतः कॅल्शियम कार्बोनेट, नीट विरघळत नाही. मॅग्नेशियम आणि ब-१२ जीवनसत्त्वही घटू शकते. शिवाय खरवडणाऱ्या पेशी हाड विरघळवण्यासाठी जो आम्लाचा पंप वापरतात त्यालाही ही औषधे काही प्रमाणात अडवतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांचे ६.८ टक्के इम्प्लांट निकामी झाले, तर न घेणाऱ्यांचे ३.२ टक्के. हा आकडा जुन्या नोंदी तपासून काढलेला आहे, त्यामुळे गोळी हेच एकमेव कारण असे त्यातून सिद्ध होत नाही. पण गोळीची गरज पुन्हा तपासण्याइतका तो नक्कीच वजनदार आहे.

काय करावे? इम्प्लांटच्या दोन-तीन महिने आधी फिजिशियनना एकच प्रश्न विचारावा: "ही गोळी मला अजून लागते का?" ज्याला हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू आहेत, ज्याच्या जठरातून कधी रक्तस्राव झाला आहे, त्याला ती लागतेच आणि ती चालू ठेवावी. ज्याची ती केवळ सवयीने चालू आहे त्याची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करता येते किंवा फॅमोटिडीनसारखा पर्याय देता येतो. एका दिवसात बंद केल्यास आम्ल उसळून येते आणि रुग्ण "बघा, गोळीशिवाय चालत नाही" म्हणून पुन्हा तिच्याकडे वळतो. गोळी चालू ठेवावीच लागत असेल तर कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातले घ्यावे, कारण त्याला आम्लाची गरज नसते.

दुखण्याची गोळी

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, इटोरिकॉक्सिब या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन ही दाह वाढवणारी शरीरातली रसायने कमी करून दुखणे थांबवतात. हाड भरण्याच्या सुरुवातीला जो दाह आवश्यक असतो तोही याच रसायनांवर चालतो. प्राण्यांवरील प्रयोगांत या औषधांनी हाड उशिरा भरते असे दिसले आहे. माणसांत मात्र शस्त्रक्रियेनंतर तीन ते पाच दिवस घेतल्याने इम्प्लांटला अपाय होतो असा ठोस पुरावा नाही. दंतवैद्याने लिहिलेला थोड्या दिवसांचा कोर्स घेण्यास म्हणून हरकत नसावी. खरा प्रश्न आहे तो गुडघ्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ, चिठ्ठीशिवाय घेतल्या जाणाऱ्या गोळीचा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती थांबवून पॅरासिटॅमॉलवर भागवता येते का ते पाहावे. तेही दिवसाला ३ ग्रॅमच्या आत, आणि यकृताचा आजार किंवा नियमित दारू असल्यास आणखी कमी. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि दुखण्याची गोळी या तिन्ही एकत्र आल्या तर मूत्रपिंडावर घाला येऊ शकतो. आयबुप्रोफेन वेळ न पाळता घेतल्यास हृदयासाठीच्या अ‍ॅस्पिरिनचा परिणामही मंदावतो.

मनाच्या आजारावरची औषधे

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही सेरोटोनिन वाढवणारी औषधे हाडाच्या पेशींवरही काम करतात. वर उल्लेखिलेल्याच संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासात ही औषधे घेणाऱ्यांचे १०.६ टक्के इम्प्लांट निकामी झाले, इतरांचे ४.६ टक्के. एवढ्यावरून कोणी गोळी बंद करू नये; उदासपणा उलटला तर दातापेक्षा फार मोठे काही पणाला लागते. याचा उपयोग एवढाच की दंतवैद्याने थांबण्याचा काळ वाढवावा, घाईने दात बसवू नये, आणि सोबत दुखण्याची गोळी दिल्यास रक्तस्रावाकडे लक्ष द्यावे. अडचण वेगळी आहे: लहान गावात ही औषधे लपवली जातात. नातेवाइकांसमोर सांगणे जड वाटत असेल तर दंतवैद्याला एकट्याने भेटून सांगावे. फॉर्मवर घरच्यांच्या देखत लिहिण्याची सक्ती नसते.

मधुमेह, बीपी, रक्त पातळ करणारी आणि इतर

मधुमेहात औषधापेक्षा साखर महत्त्वाची. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ७ च्या आसपास असेल तर पुढे जाता येते. ८ च्या वर असल्यास बहुतेक दंतवैद्य थांबायला सांगतात, आणि ते योग्य आहे. मेटफॉर्मिन हाडाला बाधत नाही, मात्र दीर्घकाळ घेणाऱ्याने ब-१२ तपासावे. पायोग्लिटाझोन हाडाची घनता कमी करते आणि स्त्रियांत हाड मोडण्याचा धोका वाढवते. इम्प्लांटच्या काळात पर्याय आहे का ते विचारावे. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने शस्त्रक्रियेला उपाशी पोटी जाऊ नये. फक्त जबडा बधिर करून काम होणार असेल तर न्याहारी आणि औषध नेहमीप्रमाणे घ्यावे. यशस्वी शस्त्रक्रियेच्या आनंदात कुंद्याचा डबा फोडण्याची पद्धत मात्र साखरेच्या रुग्णाने तीन महिने पुढे ढकलावी.

बीपीच्या गोळ्या हाडाला अपाय करत नाहीत. २०१६ च्या एका अभ्यासात त्या घेणाऱ्यांचे इम्प्लांट उलट कमी निकामी झाले. अ‍ॅम्लोडिपिनने हिरड्या वाढू शकतात, आणि वाढलेल्या हिरडीखाली जंतू दडतात, एवढे पाहावे.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅसेनोकुमारॉल, वॉरफॅरिन यांचा संबंध रक्तस्रावाशी आहे. एक-दोन इम्प्लांटसाठी ती थांबवण्याची गरज सहसा नसते. थांबवल्याने झटका येण्याचा धोका हिरडीतून थोडे रक्त येण्यापेक्षा भयंकर आहे. अ‍ॅसेनोकुमारॉल किंवा वॉरफॅरिन असल्यास शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे ते दाखवणारा आकडा) तपासून तो साडेतीनच्या आत आहे ना ते पाहावे. नंतर दिलेल्या मेट्रोनिडाझोलने किंवा तोंडाच्या बुरशीवरील मायकोनाझोलच्या जेलनेही आयएनआर झपाट्याने चढतो, हे मेडिकलवाल्याला नव्हे, दंतवैद्याला आधी सांगावे.

फिनायटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटॉल ही फेफऱ्याची औषधे ड जीवनसत्त्व लवकर खर्च करतात. ती चालूच ठेवून ड जीवनसत्त्व तपासावे आणि भरून काढावे. थायरॉइडची गोळी योग्य मात्रेत निर्धोक, जादा मात्रेत हाड झिजवणारी. सहा महिन्यांतला टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) अहवाल जवळ असावा, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. सोबत दुखण्याची गोळी किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन येणार असल्यास ते देणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. स्तनाच्या कर्करोगानंतरची लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल ही औषधे हाड पातळ करतात, आणि त्यांच्याबरोबर हाडाचे इंजेक्शन चालू असण्याची शक्यता मोठी असते.

तंबाखू औषध नाही, तरी इथे लिहिणे भाग आहे. निपाणीची बाजारपेठ तंबाखूवर उभी राहिली आणि मशेरी अजून कित्येक घरांत दात घासण्याची रीत आहे. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. वरच्या सगळ्या गोळ्या सुधारून मशेरी चालू ठेवली तर केलेली जुळवाजुळव बरीचशी वाया जाते.

शस्त्रक्रियेपूर्वीचे दोन महिने, तो आठवडा आणि पुढचे महिने

यादी हातात आल्यावर क्रम असा ठेवावा. दोन महिने आधी एचबीए१सी, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), आणि लागू असल्यास टीएसएच करून घ्यावे. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, डॉक्टरांनी सांगितले तितकेच आठवडे घ्यावी. ती रोज घेऊन विषबाधा झालेले रुग्ण पाहण्यात येतात. जबड्याच्या हाडाची जाडी सीबीसीटी या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये कळते. गुंतागुंतीची औषधे असल्यास, विशेषतः हाडाचे इंजेक्शन, स्टेरॉइड किंवा कर्करोगाचा इतिहास, बेळगावातील दंतमहाविद्यालयांत एकदा दाखवून मत घेणे सोयीचे पडते, कारण फिजिशियन आणि मुखशल्यचिकित्सक यांचे मत एकाच दिवशी मिळू शकते. प्रत्येक डॉक्टरांकडून "अमुक औषध चालू ठेवा, अमुक बदला" असे दोन ओळींत लिहून घ्यावे. फोनवर "चालतंय" म्हणाले एवढ्यावर थांबू नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी एक तास आधी अ‍ॅमॉक्सिसिलिन २ ग्रॅम देतात. त्याने सुरुवातीच्या काळात इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण घटते. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास यादीच्या अगदी वर, लाल शाईने लिहावी. नंतर वाचलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पुढच्या सर्दीसाठी डब्यात ठेवू नयेत.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात त्या बाजूने चकली, ऊस, कडक भाकरीचा पापुद्रा चावू नये. या काळात दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी नवे औषध दिले तर ते त्याच दिवशी यादीत भरून दंतवैद्याला कळवावे. वर जोखमीचे म्हटलेले औषध चालू असेल, तर खालच्या जबड्यातही चार महिने आणि वरच्यात सहा महिने थांबण्याचा आग्रह रुग्णानेच धरावा. काही दवाखान्यांत इम्प्लांटची स्थिरता मोजणारे उपकरण असते. त्यावरचा आकडा ७० च्या वर असल्यास दात बसवण्यास हरकत नसते, ६० च्या खाली असल्यास थांबणेच बरे.

तीन दिवसांनंतर कमी होण्याऐवजी वाढणारे दुखणे, पू, स्क्रू हलल्यासारखा वाटणे, किंवा खालचा ओठ बधिर राहणे यांपैकी काही आढळले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. हाडाची औषधे घेणाऱ्याने हिरडीतून पांढरट-पिवळट, खरखरीत हाड जिभेला लागते का याकडे वर्षभर लक्ष ठेवावे; ते दुखत नसले तरी दाखवावे.

आणि इम्प्लांट बसून दोन-चार वर्षे झाल्यावर कोणी प्रथमच हाडाच्या ठिसूळपणाचे इंजेक्शन सुचवले, तर ते घेण्याआधी एकदा दंतवैद्याकडे जावे. दातांची किडलेली मुळे काढून, हिरड्या स्वच्छ करून, इम्प्लांटभोवती सूज नाही ना हे एक्स-रेमध्ये पाहून मगच पहिली मात्रा घ्यावी, आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. जुन्या यादीत त्या इंजेक्शनची तारीख भरून तिची एक प्रत दंतवैद्याकडच्या कागदांना जोडून ठेवायला सांगावे.